आर्णी परिसर : भूमी, लोक आणि भाषा

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी हे तालुक्याचे ठिकाण अरुणावती नदीच्या काठी वसले आहे. अरुणावती पैनगंगेस मिळते. पैनगंगा वर्धेस मिळून तिचे पाणी प्राणहितेच्या मार्गाने गोदावरीत जाते. पैनगंगेपलीकडे माहूरचा डोंगराळ मुलूख आहे.

येथील जमीन मुख्यत्वे अग्निजन्य काळ्या खडकापासून बनलेली आहे. काळी माती ओल दीर्घकाळ धरून ठेवते. म्हणून नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या भरवशावर कोरडवाहू कापूस होतो. कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी ही येथील प्रमुख पिके होत. 1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि पुढे रेल्वेमुळे या कापसास दूरची बाजारपेठ लाभली.

त्याच रेल्वेने बैलांच्या पाठीवरून धान्य व मीठ वाहणाऱ्या बंजारा समाजाचा व्यवसाय मात्र हिरावला, व फिरते तांडे शेतीकडे वळून स्थिरावले. 1963 ते 1975 या काळात मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक याच जिल्ह्यातील, याच समाजाचे.

भाषादृष्ट्या हा प्रदेश विलक्षण संपन्न आहे. बाजारात वऱ्हाडी मराठी चालते. तांड्यावरची गोरमाटी ही राजस्थानीशी नाते सांगणारी आर्यभाषा, तर गोंडी व कोलामी या द्राविडी भाषा होत. कोलामांच्या वस्तीस ‘पोड’ म्हणतात. एमेनो यांनी 1955 साली कोलामीचे विवेचन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. परंतु अभ्यासकांच्या ग्रंथात स्थान मिळालेली भाषा शाळेत वा कचेरीत स्थान मिळवतेच असे नाही.

या उणिवेचा संबंध अर्थव्यवहाराशीही पोहोचतो. 2002 नंतर बीटी कापसाचा प्रसार झाला, तरी कालांतराने गुलाबी बोंडअळी त्यास दाद देईनाशी झाली. 2017 च्या पावसाळ्यात कीटकनाशकांची फवारणी करताना झालेल्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. या दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि ती केवळ भाषेत शोधणे अयोग्य ठरेल. तथापि, औषधाच्या डब्यावरील सूचना प्रमाणभाषेत असते आणि ते हाताळणाऱ्या मजुराच्या घरी पुष्कळदा निराळीच भाषा बोलली जाते, हे विसरून चालणार नाही. पोडावरची आणि तांड्यावरची भाषा जाणणे हे येथे केवळ विद्वत्तेचे काम नसून लोकांच्या जीविताशी निगडित असे कर्तव्य होय.