रॅम वाढवण्याआधी

कॉम्प्युटर रखडायला लागला की घरातलं किंवा शेजारचं कुणीतरी म्हणतंच, "रॅम वाढवून घे." सल्ला वाईट नाही, बऱ्याचदा बरोबरही असतो. पण नसला तर पैसे जातात आणि कॉम्प्युटर पहिल्यासारखाच रखडत राहतो. गंमत म्हणजे रॅम खरंच कमी पडते आहे की दुखणं दुसरंच आहे, हे कॉम्प्युटर न उघडता, एक रुपयाही न खर्चता, अर्ध्या तासात कळू शकतं. दुकानदाराला विचारण्याआधी कॉम्प्युटरलाच विचारायचं.

उदाहरणाला एक ओळखीचा लॅपटॉप घेऊ. २०१७-१८च्या सुमाराला घेतलेला, इंटेलचा सातव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. मुलांचे प्रोजेक्ट, सोसायटीचे हिशेब, ऑनलाइन फॉर्म, लाइट बिल, संध्याकाळी यूट्यूब. असे लॅपटॉप अजून कितीतरी घरांत चालू आहेत, आणि "हँग होतो" ही तक्रार सगळ्यांचीच.

आधी एक घोळ निस्तरू. फोटो आणि सिनेमे पुसून रॅम मोकळी होत नाही. ते असतात डिस्कवर. रॅममध्ये असतं ते या घडीला चालू असलेलं काम: उघडलेली एक्सेलची फाइल, ब्राउझरचे टॅब, खुद्द विंडोज. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची, तिचं पेटंट १९६८ सालचं, आणि आजही घरातली रॅम त्याच तत्त्वावर चालते. कपॅसिटरमधला विद्युतभार सतत झिरपून जातो. तळाला भोक असलेला हंडा भरत राहावा तसा तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो, साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा. वीज गेली की भरणं थांबतं आणि सगळं पुसलं जातं. सेव्ह न केलेली फाइल लाइट गेल्यावर का हरवते, आणि रीस्टार्ट केल्यावर कॉम्प्युटर थोडा वेळ का सुधारतो, दोन्हींचं कारण हेच.

रॅम भरली तर? विंडोज हात वर करत नाही. आधी तो रॅममधलाच काही मजकूर दाबून लहान करतो. तेवढ्यानं भागलं नाही तर बराच वेळ ज्याला कुणी हात लावलेला नाही, असा भाग उचलून डिस्कवरच्या एका राखीव फाइलमध्ये, म्हणजे पेजफाइलमध्ये, नेऊन ठेवतो. तुम्ही त्या टॅबवर परत आलात की तो भाग रॅममध्ये परत आणायचा आणि त्यासाठी दुसरं काहीतरी बाहेर काढायचं. खरी कळ इथेच आहे. रॅममधून माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. हार्ड डिस्कवर योग्य जागी पोचायलाच १० मिलिसेकंदांच्या आसपास जातात. हा फरक जवळजवळ एक लाख पटींचा आहे. माउसचा बाण हलतो, खिडकी मात्र पांढरीफटक पडते आणि डिस्कचा दिवा सारखा लुकलुकत राहतो, तेव्हा आत हीच ने-आण चालू असते. डिस्कच्या जागी एसएसडी असेल तर तेच काम एक दशांश मिलिसेकंदात किंवा त्याहून लवकर होतं. रॅमची टंचाई तेवढीच राहते, पण ती फारशी जाणवत नाही.

आता तपासणी. ही सकाळी कॉम्प्युटर नुकताच सुरू केलेला असताना करू नका. ज्या वेळी तो सगळ्यात जास्त छळतो, नेमकी तीच वेळ गाठा. नेहमी उघडे असतात तेवढे टॅब उघडा, हिशेबाची फाइल उघडा, व्हॉट्सॲप वेब चालू ठेवा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' आणि मग 'मेमरी' निवडा.

सगळ्यांची नजर पहिल्यांदा टक्क्यांवर जाते आणि तिथेच फसगत होते. ४ जीबीच्या लॅपटॉपवर ७०-८० टक्के हा आकडा काही न करताही दिसतो. १६ जीबीच्या कॉम्प्युटरवरही तो बऱ्यापैकी मोठा असू शकतो. शिवाय मोकळी रॅम नुसती पडू द्यायची नाही असं विंडोजचं धोरण आहे. पुढे लागेल असं वाटणारं सामान तो आधीच आणून ठेवतो. 'कॅश्ड' या नावाखाली दिसतं ते हेच, आणि गरज पडताच ती जागा लगेच रिकामी करून मिळते. त्याची चिंता नको.

पाहायचा आकडा वेगळा आहे: 'कमिटेड'. तिथे तिरप्या रेघेच्या दोन बाजूंना दोन संख्या असतात, समजा ६.८/९.० जीबी. डावीकडची संख्या म्हणजे चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमना मिळून विंडोजनं कबूल केलेली मेमरी. उजवीकडची म्हणजे रॅम आणि पेजफाइल धरून झालेली एकूण ऐपत. रॅम आहे ४ जीबी आणि कबूल केलेत ६.८. वरचे अडीच-पावणेतीन जीबी एक तर दाबून बसवलेले आहेत, नाहीतर डिस्कवर पडून आहेत, किंवा नुसतेच मागून ठेवलेले, अजून न वापरलेले आहेत. या शेवटच्या शक्यतेमुळे एवढ्या एका आकड्यावर निकाल देता येत नाही.

म्हणून दुसरा साक्षीदार बोलवायचा. स्टार्ट मेनूत 'रिसोर्स मॉनिटर' शोधा आणि त्यातलं 'मेमरी' हे पान उघडा. तिथे 'हार्ड फॉल्ट्स' असा आलेख दिसतो. नाव घाबरवणारं आहे, पण यात बिघाडाचा काही संबंध नाही. हवी असलेली गोष्ट रॅममध्ये सापडली नाही, डिस्कवरून आणावी लागली, एवढाच त्याचा अर्थ. नवा प्रोग्रॅम उघडताना आलेख क्षणभर उसळतो, ते साहजिक आहे. पण सगळं उघडून झाल्यावर, नुसतं एका टॅबवरून दुसऱ्यावर जातानाही तो दर वेळी शेकड्यांत जात असेल आणि 'कमिटेड'ही रॅमच्या बरंच पुढे असेल, तर रॅम खरोखर कमी आहे. इतकं दिसल्यावर आणखी कुणाला विचारायची गरज नाही.

उलटंही पाहा. मेमरीत जागा शिल्लक आहे आणि सीपीयू मात्र शंभरावर अडकलाय, तर प्रोसेसर दमलाय. त्याला रॅमनं काहीही फरक पडणार नाही. फक्त वेबसाइट उघडायलाच वेळ लागतो आणि बाकी सगळं ठीक चालतं, तर वायफायकडे बघा. आणि लॅपटॉप सुरू केल्यावर, काहीही उघडलेलं नसताना, पाच-दहा मिनिटं डिस्क १०० टक्के दाखवते, तर मुख्य आरोपी ती हार्ड डिस्कच.

आपल्या उदाहरणातल्या लॅपटॉपवर बहुधा कमी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क ही दोन्ही दुखणी सापडतील. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर मी आधी एसएसडी टाकीन. ८ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क अशा जोडीला चालू व्हायला मिनिटंच लागतात, आणि विंडोजचं अपडेट आलं की घरातले सगळे हैराण. ४ जीबी आणि एसएसडी ही जोडी टॅब जास्त झाले की कुरकुरते, पण दिवसभर सुसह्य चालते. एसएसडी आधीच बसवलेली असेल, तर मात्र पुढचा खर्च रॅमवरच करावा.

त्याआधी फुकटचे उपाय. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' पानावर आपण कधीच न वापरलेले सात-आठ प्रोग्रॅम आपोआप सुरू होताना दिसतील, ते बंद करा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. खूप जुन्या कॉम्प्युटरवर ३२ बिटचं विंडोज आहे का तेही बघा. त्याला ४ जीबीच्या वर रॅम वापरताच येत नाही, त्यामुळे कितीही नवी रॅम टाकली तरी ती नुसती बसून राहील.

किती रॅम घ्यावी यावर फार डोकं खाजवायला नको. ४ वरून ८ जीबीवर गेलं की फरक पहिल्याच दिवशी कळतो. ८ वरून १६ वर जाण्यात अर्थ आहे तो पंचवीस-तीस टॅब उघडे ठेवणाऱ्यांना, फोटो एडिट करणाऱ्यांना, गेम खेळणाऱ्यांना. त्यापुढची रॅम व्हिडिओ एडिटिंगसारख्या कामांसाठी. हिशेब आणि यूट्यूबला ३२ जीबी म्हणजे निव्वळ हौस.

आकारापेक्षा जास्त चुका होतात त्या जोडी जुळवताना. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या तीन पिढ्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. प्रत्येकीची खाच वेगळ्या ठिकाणी असते, आणि चुकीची रॅम जोर लावून बसवली तर मदरबोर्ड जातो. लॅपटॉपची स्टिक आखूड, डेस्कटॉपची लांब. डीडीआर३ असेल तर आणखी एक पेच: बऱ्याच लॅपटॉपना 'एल' लागलेली, १.३५ व्होल्टवर चालणारी जातच लागते, साधी १.५ व्होल्टची चालत नाही. वेगाचं तेवढं कडक नाही. २४००च्या जागी ३२०० घेतली तर ती मुकाट २४००नं धावते. दोन वेगांच्या दोन स्टिक लावल्या तर दोघी हळू असलेलीच्या वेगानं चालतात.

टास्क मॅनेजरच्या 'मेमरी' पानावर खाली 'स्लॉट्स यूज्ड' दिसतं. '१ ऑफ २' असेल तर एक जागा रिकामी असावी. 'असावी' म्हणायचं कारण, बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच झाळलेली असते आणि तरीही तिची गणती स्लॉटमध्ये होते. त्याखालच्या 'फॉर्म फॅक्टर'समोर 'एसओडिम' असेल तर काढ-घाल करता येते. 'रो ऑफ चिप्स' लिहिलं असेल तर तिला हात लावता येत नाही. मॅकबुक एअरमध्ये तर पहिल्यापासूनच रॅम वाढवायची सोय नाही. तिथे विकत घेतानाच ठरवावं लागतं.

एक ८ जीबीची स्टिक घ्यावी की ४-४च्या दोन? घरगुती कॉम्प्युटरमध्ये बहुधा वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. चित्र दाखवण्याचं काम प्रोसेसरच करतो आणि त्यासाठी लागणारी जागा रॅममधूनच घेतो. दोन स्टिक असल्या की माहितीला दोन वाटा मिळतात. डीडीआर४-२४०० ची एक वाट सेकंदाला १९.२ जीबी वाहून नेते, दोन झाल्या की दुप्पट. एक्सेलला याचं सोयरसुतक नसतं. गेम आणि व्हिडिओ यांना मात्र चांगलंच असतं. म्हणून ४ जीबीची स्टिक आधीच असेल आणि शेजारचा स्लॉट रिकामा असेल, तर तिच्याच पिढीची आणि वेगाची आणखी एक ४ची टाकणं हा स्वस्त आणि शहाणा मार्ग.

भावाचं म्हणाल तर दिवस वाईट आहेत. २०२५च्या उत्तरार्धापासून रॅम झपाट्यानं महागली. एआयच्या डेटा सेंटरांची मागणी इतकी वाढली की सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन मोठ्या उत्पादकांचा माल तिकडेच वळला. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५मध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल हा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत आज सांगितलेला भाव पुढच्या आठवड्यात तोच असेल असं धरू नका. पूर्वीसारखं "असू दे, टाकून बघू" आता परवडत नाही. वापरलेली स्टिक स्वस्त पडते आणि रॅम सहसा झिजत नाही, पण बिल आणि बदलून देण्याचा शब्द असल्याशिवाय घेऊ नका.

आणखी एक हिशेब. विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली, पुढच्या मुदतवाढीसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. सातव्या पिढीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नाहीत. म्हणजे रॅम टाकूनही हा लॅपटॉप रीतसर ११वर जाणार नाही. बँकेचे व्यवहार त्याच्यावर होत असतील तर ही रक्कम नव्या लॅपटॉपसाठी बाजूला टाकावी, किंवा जुन्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट बसवावं, असं माझं मत. मुलांच्या अभ्यासापुरता आणि हिशेबापुरता तो आणखी दोन वर्षं ओढायचा असेल तर ८ जीबी ठीक आहे. १६ जीबी त्याच्यात ओतण्यात हशील नाही.

बसवणं दहा मिनिटांचं काम. शट डाउन करा, चार्जर काढा, काढता येत असेल तर बॅटरीही काढा. एखाद्या न रंगवलेल्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज जाऊ द्या. लॅपटॉपची स्टिक साधारण तीस अंशांत तिरपी सरकवायची, सोनेरी कडा जवळजवळ दिसेनाशी झाली की खाली दाबायची. दोन्ही बाजूंचे चिमटे 'टक' करून बसतात. डेस्कटॉपमध्ये चार स्लॉट आणि दोन स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरतात. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो, तेव्हा घाईनं बटण दाबू नका. नुसते बीप ऐकू आले आणि काहीच दिसलं नाही, तर स्टिक काढून परत बसवा. पावसाळ्यात जुन्या डेस्कटॉपची हीच तक्रार येते आणि आपले मेकॅनिक सोनेरी कडेवरून खोडरबर फिरवून ती बरी करतात. हलक्या हातानं केलं आणि रबराचा भुगा झटकला तर उपाय खरंच लागू पडतो.

सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये नवा आकडा दिसतो का बघा. रात्री झोपताना मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून ठेवा. एकही चूक दिसली तर सकाळी स्टिक परत करा, कारण सदोष रॅम लगेच बंद पडत नाही, महिनोन्‌महिने फाइली बिघडवत राहते. जुनी काढली असेल तर दुकानदाराला बदल्यात किती देतोस ते विचारा. हल्लीच्या भावात तो नाही म्हणणार नाही.