तार का थांबते?

पीळ देऊन सोडलेली तार निर्वातातही झोके घेत थांबते, कारण तिची ऊर्जा धातूच्या आतच उष्णता होऊन जिरते. हे अंतर्गत घर्षण नेमके कुठे होते? १९४७ साली शिकागोत चिनी भौतिकशास्त्रज्ञ के यांनी ॲल्युमिनिअमची तार तापवली, तेव्हा सेकंदाला जेमतेम एक झोका असताना २८५ अंश सेल्सिअसच्या आसपास घर्षण शिगेला पोहोचले. एकस्फटिकी, म्हणजे स्फटिककणांच्या सीमाच नसलेल्या तारेत मात्र ते शिखर नव्हते. तेव्हा या सीमा घट्ट काकवीसारख्या सरकतात, हा निष्कर्ष रास्तच. पुढे काही एकस्फटिकांतही शिखरे सापडली आणि श्रेय रचनेतल्या रेषादोषांना द्यावे, असा आक्षेप आला. तो अर्धाच पटतो. असे दोष सीमांवरही वावरतातच. मिश्रधातूंत गुंता वाढतो: सीमेवर साचलेले परके अणू हे शिखर दाबून टाकू शकतात.