ब्लेड नवे, पण टॉवेल कुणाचा?

लग्नसराई सुरू झाली की अर्धापुरात कटिंगच्या दुकानात आणि पार्लरमध्ये नंबर लावावा लागतो. नवरदेवाची दाढी, करवल्यांच्या भुवया, नवरीचे फेशियल; एक गिऱ्हाईक उठले की लगेच दुसरे बसते. ‘नवे ब्लेड टाका’ एवढे सांगायला लोक शिकले आहेत. एचआयव्हीच्या धास्तीने का होईना, ही सवय चांगली लागली. मात्र टॉवेल, ब्रश आणि ट्रिमर तेच राहतात, आणि त्वचेचे संसर्ग पसरायला तेवढे पुरते.

साधारण दहापैकी तीन निरोगी माणसांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू मुक्कामाला असतो. एरवी तो त्रास देत नाही. दाढी करताना त्वचेला डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात, तिथून तो आत शिरला की पुळ्या आणि केसतोड होतात. नायट्याची बुरशी ट्रिमरच्या दातांत अडकलेल्या केसांतून आणि त्वचेच्या कोंड्यातून पुढच्या मानेवर जाते. भुवया कोरताना दोऱ्याचे टोक दातांत धरण्याची पद्धत आहे. तोंडातले जिवाणू असे थेट सोललेल्या त्वचेवर येतात. थ्रेडिंगनंतर भुवयांच्या रेषेत बारीक चामखिळी उठल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

रक्तातून पसरणाऱ्या आजारांत जास्त काळजी करायला हवी ती हिपॅटायटिस बी ची. हा विषाणू वाळलेल्या रक्तात, शरीराबाहेर किमान सात दिवस टिकतो, आणि रक्ताचा डाग दिसलाच पाहिजे असेही नाही. कापल्यावर तुरटी फिरवली की रक्त थांबते, पण विषाणू मरत नाही. उलट एकच खडा सगळ्यांच्या जखमांवर फिरतो. देशभरातल्या बाळांना या आजाराची लस सरकारी कार्यक्रमातून मिळू लागली ती २०११ च्या सुमारास. म्हणजे आज खुर्चीत बसणाऱ्या आणि खुर्चीमागे उभ्या असणाऱ्या बहुतेक प्रौढांना ती मिळालेली नाही. रोज वस्तरा हाताळणाऱ्या कारागिराने तरी ती घ्यायलाच हवी.

निर्जंतुकीकरणात खरी चूक होते ती क्रमात. कैचीवर केस, तेल, साबण तसेच ठेवून वरून फवारा मारला तर औषध त्या थरातच अडकते. आधी साबणाच्या पाण्याने घासून धुवायचे, मग औषध लावायचे, आणि बाटलीवर लिहिलेला वेळ अवजार ओले राहू द्यायचे. फवारून लगेच पुसणे म्हणजे निव्वळ सुगंध. अल्कोहोल ७० टक्क्यांचे चांगले. त्यातले पाणीच जंतूंची प्रथिने मोडायला मदत करते. निळ्या दिव्याच्या पेटीवर फार भिस्त नको, कारण सावलीतल्या भागापर्यंत तो प्रकाश पोहोचत नाही. धातूची अवजारे धुऊन २० मिनिटे उकळणे हा स्वस्त आणि भरवशाचा उपाय आहे.

नांदेडसारख्या शहरांत आता पेडिक्युअरचे टबही आले आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिल गावी २००० मध्ये एकाच सलूनच्या शंभराहून अधिक ग्राहकांच्या पायांवर गळवे उठली. काहींना बरे व्हायला महिनोन्‌महिने लागले. टबच्या जाळीमागे केस आणि मृत त्वचेचा गाळ साचला होता, आणि त्यात नळाच्या पाण्यातून आलेला मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम हा जिवाणू वाढत होता. पायांवरून आधी रेझर फिरवलेल्या महिलांना धोका जास्त होता. पेडिक्युअरच्या आदल्या दिवशी तरी रेझर नको, तो यासाठी.

करोनाकाळात, २८ जून २०२० पासून राज्यातील सलून उघडली तेव्हा प्रत्येक ग्राहकानंतर खुर्ची आणि अवजारे निर्जंतुक करण्याची, एकदाच वापरायचे टॉवेल देण्याची अट होती. ती पाळली गेली, म्हणजे ते अशक्य नव्हते. कागदी नॅपकिन महाग वाटत असेल तर घरचा धुतलेला टॉवेल नेता येतो. त्यात दुकानदाराचा अपमान मुळीच नाही.

दाढीनंतरची पुळी दोन-तीन दिवसांत ओसरली नाही, पू झाला किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जावे. गोल, खाजरा चट्टा उठला तर मेडिकलवरून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणू नये. खाज थांबते, चट्टा फिका पडतो आणि बुरशी मात्र पसरत राहते. नेहमीच्या टर्बिनाफिनला दाद न देणारा नायटा देशात वाढला आहे. नांदेडजवळ विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. तिथे चट्टा दाखवण्यापूर्वी त्यावर काहीही लावू नये.