स्वभावाचं मोजमाप कसं होतं? पीआयडी-५ चाचणी सोप्या भाषेत

"तुमचा स्वभाव ओळखा" छापाच्या क्विझ मोबाईलवर तुम्ही पाहिल्या असतीलच. दहा प्रश्न, एक बटण, लगेच निकाल. मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट त्रासदायक स्वभाववैशिष्ट्यं तपासतात, तेव्हा वेगळं काय करतात? चला, समजून घेऊया.

चाचणी चालते कशी?

पीआयडी-५ ही डीएसएम-५ (२०१३) या मानसिक आजारांच्या मार्गदर्शिकेशी जोडलेली चाचणी. त्यात २२० वाक्यं असतात. प्रत्येक वाक्य आपल्याला किती लागू पडतं, यासाठी ० ते ३ गुण. काही वाक्यं उलट्या अर्थाची, त्यांचे गुण उलटे धरतात. मग सरासरी काढून २५ वैशिष्ट्यांचे आकडे मिळतात: चिंता, संशय, उतावीळपणा, धोका पत्करणं वगैरे. ही वैशिष्ट्यं ५ मोठ्या गटांत बसतात: नकारात्मक भावना, अलिप्तता, वैरभाव, स्वतःवर आवर नसणं आणि विचित्र विचार-अनुभव.

थोडक्यात, "आजार आहे की नाही" असं ऑन-ऑफ बटण इथे नाही, हा व्हॉल्यूमसारखा स्लायडर आहे. एखाद्या वैशिष्ट्याची पाव भागापेक्षा जास्त उत्तरं रिकामी असतील, तर त्याचा स्कोअर वापरायचा नाही, असाही नियम आहे.

आकडा आला, पुढे काय?

नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. तो कोणाच्या सरासरीशी ताडून पाहायचा, हे महत्त्वाचं. इथे आपल्या अलिबागचं एक उदाहरण छान लागू पडतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे कुलाबा वेधशाळेची चुंबकीय मोजणी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. पण कुलाब्याचं काम लगेच थांबवलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुने आणि नवे आकडे जुळवता आले.

चाचणी इंग्रजीतून मराठीत आणतानाही असंच करावं लागतं. मराठी मजकूर दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत करून अर्थ तपासतात. दोन्ही भाषा येणाऱ्यांकडून दोन्ही फॉर्म भरून घेऊन गुण ताडून पाहतात. मग इथल्याच लोकांची सरासरी काढतात.

हे का गरजेचं?

समजा, "मी जिवावरचे धोके पत्करतो" अशा अर्थाचं वाक्य आहे. मुरूडचा कोळी "अगदी खरं" म्हणेल, कारण समुद्रावर जाणं हे त्याचं पोट आहे. कौल लावणाऱ्या कोकणी आजीला "विचित्र समजुती"त गुण मिळतील, पण तिच्या गावात ती रीतच आहे. मोजपट्टी परक्या गावची असेल, तर चांगल्या माणसावर उगाच शिक्का बसतो. आणि ज्याला खरंच मदत हवी, तो सुटून जातो.

म्हणून चाचणीसोबत मुलाखत हवीच. या स्वभावामुळे काम, नाती, झोप बिघडतेय का? २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्येही आधी त्रासाची तीव्रता ठरवतात, वैशिष्ट्यं नंतर.

तेव्हा ऑनलाइन फॉर्म भरून स्वतःला किंवा घरच्यांना लेबल लावू नका. खरंच त्रास होत असेल, तर सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर, १४४१६ ला, फोन करा. सेवा मोफत आहे आणि २४ तास सुरू असते.