वेगाआधी क्रम

अपघाताची बातमी आली की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. रुग्णवाहिका किती वेळात आली? आणि जखमीला रुग्णालयात किती वेळात पोहोचवले? २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, तेव्हा मिनिटांचा हिशेब मागणे रास्तच आहे. पण गाडी येऊन थांबल्यापासून पुन्हा रस्त्याला लागेपर्यंत जखमीच्या अंगाला कोणी, कोणत्या क्रमाने हात लावला, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते जीव वाचणे किंवा जाणे पुष्कळदा तिथे ठरते. बाल्टिमोरचे शल्यचिकित्सक ॲडम्स काउली यांनी रूढ केलेली ‘गोल्डन अवर’ची कल्पना आता आपल्या मोटार वाहन कायद्यातही आहे. मात्र साठ मिनिटांच्या आकड्यामागे भक्कम पुरावा नाही. उत्तर अमेरिकेतील साडेतीन हजारांहून अधिक गंभीर जखमींच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णवाहिकेला लागलेला वेळ आणि मृत्यू यांचा संबंध आढळला नाही. म्हणून वेळेला किंमत नाही असे कोणी समजू नये. प्रत्येक जखमीचा तास वेगळा असतो, एवढाच त्याचा अर्थ. मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटलेला माणूस काही मिनिटांत जातो, घसा रक्ताने भरलेला बेशुद्ध माणूसही तसाच.

जखमीला हात लावण्याआधीच काम सुरू झालेले असते. मागची वाहने अडवली आहेत का, डिझेल सांडले आहे का, जखमी एक की पाच, गाडी कोणत्या बाजूने चेपली आहे, हेल्मेट कुठे पडले आहे, हे पाहायला अर्धे मिनिट लागते आणि शरीराच्या आत काय तुटले असेल त्याचा अंदाज बांधता येतो. मग नजर आधी रक्ताकडे जाते. पूर्वी श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण अशी ओळ शिकवत. युद्धभूमीवरच्या अनुभवानंतर तिच्याही आधी डोळ्यांदेखत वाहणारे रक्त आले. जखमेवर थेट दाब द्यायचा, हातापायाचे रक्त तेवढ्याने थांबले नाही तर जखमेच्या वरच्या बाजूला टूर्निके आवळायचा आणि वेळ लिहून ठेवायची. नंतर श्वासमार्ग. जखमी स्पष्ट बोलत असेल तर तो मोकळा आहे. घोरल्यासारखा आवाज म्हणजे जीभ मागे पडलेली, गुरगुर म्हणजे घशात रक्त. मान न हलवता जबडा पुढे उचलला आणि सक्शनने घसा साफ केला की बरेचदा एवढ्यावरच श्वास सुटतो. मग शर्ट कापून छाती उघडी करायची, कारण कपड्यांवरून छाती कळत नाही. दोन्ही बाजू सारख्या वर येतात का, एखादा भाग उलटा आत ओढला जातो का, एका बाजूला हवेचा आवाजच नाही का? कोंडलेली हवा हृदयाला दाबत असेल तर बरगड्यांमधून सुई घालून ती तिथेच सोडावी लागते. हे काम रुग्णालय येईपर्यंत थांबत नाही.

पुढची पायरी सर्वांत फसवी. यंत्रावर बी.पी. ११० दिसले की सगळे निर्धास्त होतात. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातले दीड लिटरच्या आसपास जाईपर्यंत तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून आणि हृदय पळवून बी.पी. टिकवून धरते. आकडा पडतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून जाणकार माणूस यंत्राआधी बोटांवर भरवसा ठेवतो. मनगटाची नाडी बारीक आणि वेगवान आहे का, तळहात गार आणि ओलसर आहेत का, नख दाबून सोडल्यावर रंग परतायला किती वेळ लागतो, माणूस अकारण चिडतो आहे का. ती चिडचिड दारूची म्हणून सोडून देणे जिवावर बेतते, कारण मेंदूला प्राणवायू कमी पडल्याचीही खूण तीच. रक्त बाहेर दिसत नसेल तर ते छातीत, पोटात, कटिभागात किंवा मांड्यांत साठलेले असू शकते. मोडलेल्या एका मांडीत लिटरभर सहज मुरते. कटिभागाचे हाड मोडल्याचा संशय असला तर कंबर हलवून पाहायची नाही, खुब्यांच्या पातळीवर पट्टा आवळायचा. पट्टा नसेल तर घट्ट गुंडाळलेली चादरही चालते. शेवटी ब्लँकेट घालायचे, भर उन्हाळ्यातसुद्धा, कारण रक्त गमावलेले शरीर गार पडते आणि गार रक्त नीट गोठत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. रस्त्यावर वेळ घालवण्यापेक्षा उचला आणि पळा. कॅनडातील ऑन्टारिओत रुग्णवाहिकांमध्ये प्रगत उपचार सुरू केल्यावर गंभीर जखमी जास्त वाचले नाहीत, खोल बेशुद्धीतल्या जखमींमध्ये मृत्यू उलट वाढले, असे २००८ मध्ये दिसले. ह्यूस्टनमधल्या १९९४ च्या अभ्यासात धडावर गोळी किंवा सुरा लागून बी.पी. पडलेल्यांना लगेच सलाईन दिले तेव्हा ६२ टक्के वाचले, शस्त्रक्रियेपर्यंत ते रोखले तेव्हा ७० टक्के. हे निष्कर्ष मला मान्य आहेत. पण ते श्वासनलिकेत नळी घालत बसण्याच्या आणि सलाईनच्या बाटल्या रिचवण्याच्या विरोधात जातात. सलाईन रक्त पातळ करते आणि जेमतेम जमलेली गुठळी ढकलून देते. दाब, जबडा, सक्शन, पट्टा यांना तेवढा वेळ लागतच नाही. जखमी गाडीत अडकलेला नसेल तर जागेवर दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये, हा नियम याच क्रमाचा भाग आहे, आणि शिरेत सुई चालत्या गाडीतही घालता येते. शिवाय गोळी लागलेला तरुण आणि मोटरसायकलवरून डोक्यावर पडलेला तरुण यांना एकच नियम लावता येत नाही. आपल्या रस्त्यांवर दुसरा फार आढळतो. ॲरिझोना राज्यात डोक्याला मार लागलेल्यांसाठी तीनच पथ्ये काटेकोर पाळायला शिकवले: प्राणवायू कमी होऊ द्यायचा नाही, बी.पी. पडू द्यायचे नाही, श्वासाची पिशवी घाईघाईने दाबायची नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गंभीर मार असलेल्या गटात वाचण्याची शक्यता सुमारे दुपटीने वाढली.

महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ सेवा सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी, त्यातल्या २३३ प्रगत. गाडीत डॉक्टर असतो, ही मोठी जमेची बाजू. त्यांत आयुर्वेदाचे पदवीधर पुष्कळ आहेत म्हणून नाके मुरडणाऱ्यांशी माझे पटत नाही. हा क्रम कोणतीच पदवी आपोआप हातात उतरवत नाही, एमबीबीएससुद्धा नाही. तो सरावाने येतो आणि सराव तुटला की जातो. म्हणून गाड्यांच्या संख्येइतकाच खर्च पुनःप्रशिक्षणावर व्हायला हवा. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर किंवा गडचिरोलीच्या आतल्या रस्त्यांवर शल्यचिकित्सक, रक्तपेढी आणि सीटी स्कॅन एका छताखाली असलेले रुग्णालय जवळ असेलच असे नाही. तिथे उचला आणि पळा म्हणताना कुठे पळायचे हे आधी ठरवावे लागते, आणि तिथे फोन करून कळवावे लागते. गाव, तालुका, जिल्हा असे करत तीन तास सहज जातात. ४० देशांतल्या २० हजारांहून अधिक जखमींवरच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने ट्रानेक्झामिक ॲसिड हे स्वस्त औषध रक्तस्रावाचे मृत्यू कमी करते हे दाखवले. ते तीन तासांच्या आत द्यायचे, लवकरात लवकर. त्यानंतर दिले तर अपाय होतो.

या क्रमाची पहिली पायरी मात्र रुग्णवाहिकेच्याही आधीची आहे आणि ती रस्त्यावरच्या माणसाच्या हातात असते. जखमीला ओढून रिक्षात कोंबू नका. स्वच्छ कापड घेऊन वाहत्या जखमेवर दोन्ही हातांनी दाबा, मदत येईपर्यंत हात उचलू नका आणि १०८ ला नेमकी जागा सांगा. पोलिसांच्या भीतीने मागे राहू नका. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधल्या दुरुस्तीने आलेले कलम १३४अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी कारवाईपासून संरक्षण देते, आणि त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.