कचेरींतील न्याय

न्याय केवळ न्यायमंदिरांतच मिळावयाचा असतो, अशी समजूत आपल्या लोकांत रूढ आहे. वस्तुतः सामान्य मनुष्याचा न्यायाधीशाशीं जन्मांत क्वचितच संबंध येतो; परंतु गांवच्या चावडीची वा तहसील कचेरीची पायरी त्याला वारंवार चढावी लागते. राज्य न्यायी कीं अन्यायी, याची त्याची परीक्षा तेथेंच होते.

कायद्यांची वाण आहे, असें मात्र कोणी म्हणूं नये. लोक ज्यास दप्तरदिरंगाईचा कायदा म्हणतात, त्या महाराष्ट्राच्या २००५ च्या अधिनियमाचें १० वें कलम पाहा. कोणतेंहि प्रकरण एका कर्मचाऱ्यापाशीं साधारणतः सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहतां कामा नये. दुसऱ्या विभागाकडे न पाठवावयाच्या प्रकरणाचा निर्णय ४५ दिवसांत व पाठवावयाच्या प्रकरणाचा तीन महिन्यांत झाला पाहिजे, असें तें सांगतें. पुढें २०१५ सालीं लोकसेवा हक्क अधिनियम आला. त्यानें ठरीव मुदतींत सेवा मिळणें हा हक्क ठरविला, नकाराचीं कारणें लेखी देण्याचें बंधन घातलें, दोन अपिलें व त्यांवर आयोगाकडे तिसरें अपील यांची सोय केली, आणि कसूर करणाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड ठेविला.

मग अडतें कोठें? वारसनोंदीचेंच उदाहरण घ्या. शेतकरी वारला म्हणजे त्याच्या वारसांचा फेरफार गाव नमुना सहांत नोंदवावयाचा, त्याची प्रत चावडींत लावावयाची, हितसंबंधितांस लेखी सूचना द्यावयाची, आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकाऱ्यानें नोंद प्रमाणित करावयाची, अशी १९६६ च्या जमीन महसूल संहितेची रीत आहे. रीत उत्तम आहे. ज्याच्या हक्काला धक्का लागणार त्यास आधीं कळवावें, हें न्यायाचें आद्य तत्त्व तींत आहे. परंतु त्या शेतकऱ्याची विधवा अर्ज घेऊन गेली असतां पहिल्या खेपेस मृत्यूचा दाखला नाहीं म्हणून, दुसऱ्या खेपेस प्रतिज्ञापत्र नाहीं म्हणून, आणि तिसऱ्या खेपेस साहेब जागेवर नाहींत म्हणून तिला परत लावतात. प्रत्येक खेपेस एका दिवसाची मजुरी बुडते. सातबाऱ्यावर नांव नाहीं म्हणून पीककर्जहि अडतें. आणि हे सर्व नकार तोंडी! अर्ज दप्तरीं दाखलच झाला नाहीं, तर मुदत कशाची मोजावयाची? ज्या नकाराचा कागद नाहीं, त्यावर अपील कोणत्या आधारें करावयाचें?

दोष आहे तो येथें आहे. त्यावर आमच्या सूचना थोड्या आहेत. आलेला प्रत्येक अर्ज स्वीकारून क्रमांकासह पोच जागच्या जागीं द्यावी. त्रुटी असतील त्या सर्व एकाच वेळीं लेखी कळवाव्यात. मागाहून नवी काढूं नये. जे दाखले सरकारच्याच दप्तरीं आहेत, ते अर्जदाराकडून मागूं नयेत. प्रकरणें आल्या क्रमानेंच निकालांत काढावींत, व तो क्रम कचेरीच्या फलकावर लावावा.

कोणी म्हणतील, माणसें अपुरीं आहेत. हा आक्षेप अगदींच खोटा नाहीं. रिकाम्या जागा भरल्याच पाहिजेत. परंतु एका अर्जदारास चार वेळां परत लावणारी कचेरी आपलेंच काम चौपट करून घेते, हें विसरून कसें चालेल?

तथापि नुसती त्वरा म्हणजे न्याय नव्हे. दंडाच्या भयानें मुदतीच्या अखेरच्या दिवशीं अर्ज नामंजूर करून मोकळें व्हावें, असा मोह अधिकाऱ्यास होऊं शकतो. म्हणून किती अर्ज मुदतींत निकालांत निघाले एवढेंच न पाहतां, किती नाकारले व कोणत्या कारणानें, हेंहि वरिष्ठांनीं तपासावें. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचें चौथें कलम बाधित व्यक्तीस निर्णयाचीं कारणें देण्यास सांगतें. आणि न्यायनिर्णयासारखे अधिकार चालविणाऱ्या प्रशासकीय अधिकाऱ्यानें कारणें नमूद केलीं पाहिजेत, हें सर्वोच्च न्यायालयानें एस. एन. मुखर्जी प्रकरणीं १९९० मध्येंच सांगितलें आहे. "नियमांत बसत नाहीं" हे तीन शब्द म्हणजे कारण नव्हे; कोणता नियम व कां बसत नाहीं, हें अर्जदारास कळलें पाहिजे.

शेवटीं दोन शब्द वाचकांस. पोच मागणें हें भांडण नव्हे. तो आपला हक्क आहे. ज्यास लिहितां-वाचतां येतें त्यानें शेजारच्या निरक्षर मनुष्याबरोबर एकदां कचेरींत जावें, व पोच घेतल्यावांचून परतूं नये. कायद्यानें आपलें काम पुष्कळसें केलें आहे. त्याला खिडकीपर्यंत नेण्याचें काम मात्र आपणां सर्वांचें आहे.