दर विचारणारा अर्थशास्त्री

भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारा गृहस्थ इस्पितळाच्या खिडकीपाशी मात्र मुकाट्याने पाकीट उघडतो. जिवाचा प्रश्न असतो. तेथे दराची गोष्ट काढणे अशोभनीय वाटते. नेमकी हीच अशोभनीय गोष्ट जन्मभर, हसतमुखाने आणि चारचौघांत विचारणारे एक विद्वान अमेरिकेत होऊन गेले. त्यांचे नाव उवे राइनहार्ट. माझी सारी हयात हिशेबाच्या खात्यात गेल्यामुळे त्यांच्याविषयी मला विशेष आपुलकी वाटते. कारण प्रिन्स्टन विद्यापीठात अर्थशास्त्राबरोबर ते जमाखर्चही शिकवीत असत.

राइनहार्ट यांचा जन्म १९३७ साली जर्मनीत ओस्नाब्रुक येथे झाला. बालपण महायुद्धाच्या छायेत गेले. तरुणपणी त्यांनी कॅनडाची वाट धरली आणि १९६४ साली सस्कॅचवान विद्यापीठाची वाणिज्य शाखेची पदवी मिळविली. याच प्रांतात १९६२ साली सरकारने सर्वांसाठी वैद्यकीय विमा आणला, आणि त्याविरुद्ध जुलैत डॉक्टर तेवीस दिवस संपावर गेले होते. आजाऱ्याचा खर्च कोणी सोसावा, हा वाद ग्रंथात शिरण्यापूर्वी तेथे लोकांच्या दारात येऊन ठेपला होता.

पुढे १९७० साली येल विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांना मिळाली. त्यांच्या अभ्यासाचा विषय डॉक्टरांचा व्यवसाय हाच होता. डॉक्टर कमी आहेत अशी ओरड त्या काळी अमेरिकेत चालली होती. राइनहार्ट यांनी आकडे मांडून दाखविले की, डॉक्टर ठेवतात त्यापेक्षा कितीतरी अधिक मदतनीस ठेवणे त्यांना परवडण्यासारखे आहे, आणि तसे केले तर तोच डॉक्टर अधिक रोगी तपासू शकेल. प्रिन्स्टनला ते १९६८ मध्ये रुजू झाले ते अखेरपर्यंत तेथेच राहिले.

डॉक्टरांना पैसे कोणत्या हिशेबाने द्यावेत, याविषयी अमेरिकेच्या काँग्रेसला सल्ला देणाऱ्या आयोगावर ते १९८६ ते १९९५ पर्यंत होते. वृद्धांच्या सरकारी विम्यात तोवर डॉक्टरची नेहमीची फी आणि आसपासची प्रचलित फी पाहून रक्कम ठरे. म्हणजे ज्याने पूर्वी चढा दर लावला, त्यालाच पुढे अधिक मिळावयाचे! हार्वर्डचे विल्यम शाओ यांनी प्रत्येक कामाला लागणारे श्रम मोजून काढले, आणि १९९२ पासून त्या मोजमापावर आधारलेले दरपत्रक लागू झाले.

राइनहार्ट यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते २००३ सालच्या एका निबंधाने. तीन सहकाऱ्यांसह त्यांनी श्रीमंत देशांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले. २००० साली अमेरिकेत दर माणशी ४,६३१ डॉलर खर्च झाले होते. इतर प्रगत देशांचा मध्यम आकडा होता १,९८३. मग अमेरिकन माणूस दवाखान्यात जास्त वेळा जातो काय? नाही. इस्पितळात जास्त दिवस पडून राहतो काय? तेही नाही. खर्च वाढला तो दरामुळे. ‘अरे मूढांनो, दर पाहा!’ अशा अर्थाचे खट्याळ शीर्षक त्यांनी निबंधाला दिले होते.

तीन वर्षांनी इस्पितळांच्या किमतींवर लिहिताना त्यांनी आणखी एक पडदा दूर केला. एकाच शस्त्रक्रियेसाठी एका विमा कंपनीला एक दर, दुसरीला दुसरा, आणि ज्याला विमाच नाही त्याला बहुधा सर्वांत चढा. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बंधूंचे बिल हाती आले तेव्हा मला हे आठवले. बावीस ओळी होत्या आणि त्यांतील एकीचाही दर आधी कोणी सांगितलेला नव्हता. आयुष्यभर खतावण्या तपासलेल्या मला ते बिल उलगडले नाही; मग ज्याने कधी हिशेब लिहिला नाही त्याने काय करावे?

राइनहार्ट टीका करूनच थांबले नाहीत. तैवानने सर्व नागरिकांसाठी विमा योजना आखली तेव्हा सल्ला देणाऱ्यांत शाओ यांच्याप्रमाणे तेही होते. ती योजना १९९५ च्या मार्चमध्ये सुरू झाली.

मला त्यांचा सर्वांत मोलाचा वाटतो तो मात्र आकड्यांचा निबंध नव्हे. १९९७ साली त्यांनी देशापुढे एक साधा प्रश्न ठेवला: गरिबाच्या मुलाला आजारातून वाचण्याची तेवढीच संधी मिळावी काय, जेवढी श्रीमंताच्या मुलाला मिळते? आधी याचे उत्तर द्या, मग विम्याचा तपशील ठरवू, असा त्यांचा रोख होता.

२०१७ च्या नोव्हेंबरात ते निवर्तले. त्यांचे अखेरचे पुस्तक २०१९ मध्ये निघाले. त्याचा उपसंहार त्यांच्या पत्नी त्सुंग-मेई चेंग यांनी लिहिला.

आपल्या सरकारच्या आरोग्य-हिशेबानुसार २०१३-१४ साली देशातील एकूण आरोग्यखर्चाचा ६४.२ टक्के भाग लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. २०२१-२२ साली तो ३९.४ टक्क्यांवर आला. उतार चांगला आहे, पण रुपयातले सुमारे चाळीस पैसे घरच्या डब्यातूनच जातात. तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी खिडकीपाशी उभे राहाल तेव्हा संकोच सोडून आधी दर विचारा, आणि तो लिहून मागा.